माशाला खायला काय घालता?

तेलाच्या प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षं काढली असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या पोटाकडे बघतो आणि मग विचारतो, "मग बाई, कुठलं तेल खावं?" मी सांगते, कमी खावं. हे उत्तर कुणालाच आवडत नाही. मलाही आवडत नाही, ते पोटावरून कळतंच. या अंकासाठी तेलावर लिहा म्हणून निरोप आला तेव्हा मी डब्यातली चकली खात होते, त्यामुळे नाही म्हणायला तोंड नव्हतं. पण लिहिण्यासारखं माझ्याकडे एकच आहे, आणि त्यात माझी पुरती फजिती आहे.

आमची कंपनी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत होती. वसाहतीत प्रत्येक कंपनीला आपापला वास होता. आमचा माशाचा. आम्ही कोंबड्यांच्या आणि गुरांच्या खाद्यात घालायची जीवनसत्त्वं बनवायचो आणि त्यासाठी मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, लिव्हरचं तेल आणायचो. मी ठाण्याच्या नौपाड्यातून रोज जायचे. संध्याकाळी घरी आले की सासूबाई दारातूनच सांगायच्या, "अगं, आधी आंघोळ." आम्ही सीकेपी, मासे म्हणजे जीव की प्राण, पण सुनेच्या पदराला त्यांचा वास यावा असं काही आमच्यात नाही.

माझं काम काय, तर तेल ओळखायचं. तेलाच्या थेंबात निरनिराळी मेदाम्लं असतात. प्रत्येक तेलाचं त्यांचं प्रमाण वेगळं. थेंबावर थोडी रासायनिक क्रिया करून तो सुईने यंत्रात सोडायचा. यंत्रात लांबलचक गरम नळी, तिच्यातून गॅस वाहतोय. हलकी मेदाम्लं लवकर बाहेर येतात, जड उशिरा. एकेक बाहेर आलं की कागदाच्या पट्टीवर पेन वर चढतं आणि खाली उतरतं. असे डोंगर उमटतात. आता कुठल्या डोंगरात किती माल ते कसं मोजायचं? आजच्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटतं. आम्ही ते डोंगर कात्रीने कापायचो आणि एकेक कागद नाजूक तराजूत टाकून त्याचं वजन करायचो. डिस्टिंक्शनमध्ये एम.एस्सी. झालेली बाई दिवसभर बालवाडीसारखी कागद कापत बसलेली. एकदा पंखा चालू राहिला आणि अख्खं करडईचं तेल टेबलाखाली उडून गेलं. तेव्हापासून आमच्याकडे मे महिन्यातही पंखा बंद.

पण या कात्रीने मला भलतीच मिजास आणली होती. नौपाड्यातले निवृत्त मास्तर, वकील, कोण कोण घाणीवरच्या तेलाच्या बाटल्या घेऊन घरी यायचे, "जरा बघता का, घाणीवाला फसवतोय." मी बघायचे, आणि कधीकधी तो फसवत असायचाही. मग काय, मी हवेत. कल्याणला नणंदेच्या दिराचं लग्न होतं. पंगतीत भज्यांचा नुसता वास घेऊन मी मोठ्याने म्हटलं, "पामतेल!" ते मुलीकडच्यांना ऐकू गेलं. त्यानंतर नणंद मला लग्नांना बोलावते, पण माझं पान आतल्या खोलीत वाढते.

याच मिजाशीत मी नौपाड्यातल्या दुकानातून एक रबरी शिक्का करून घेतलेला, ठळक अक्षरांत 'भेसळ'. लाल शाई. कंपनीने मागितलेला नव्हता, ती माझी हौस.

ऐंशीचं दशक संपत आलेलं. आमच्या कंपनीच्या डोक्यात आलं की माशाच्या तेलाच्या गोळ्या काढायच्या, माणसांसाठी. हृदयाला चांगल्या म्हणून तेव्हा नुकतीच चर्चा सुरू झाली होती. मुशी मिळेनाशी झालेली, म्हणून नवीन तेल शोधायला सुरुवात झाली. ठाण्याजवळच्या बाळकुम या कोळ्यांच्या गावातल्या महिला मंडळाने एक डबा पाठवला. खाडीचं पाणी कारखान्यांनी नासवलं, जाळ्यात काही लागेना, म्हणून गावाने तळ्यात रोहू-कटला सोडलेले. त्या माशांच्या पोटातली चरबी उकळून बायकांनी तेल काढलं होतं. डब्यावर खडूने लिहिलेलं, 'यमुनाबाई'. मंडळातल्या या बाईच्या घरी तेल काढलं होतं आणि डबाही तिच्याच घरून आला होता.

मी थेंब सोडला. बावन्न मिनिटं लागायची सगळे डोंगर यायला. माशाच्या तेलाचे खरे डोंगर अगदी शेवटी येतात. तिथे पेन जेमतेम हललं. दोन टेंगळं, बस. आणि मध्ये मात्र भुईमुगाच्या तेलात असतो तसा भलामोठा डोंगर. माझ्या डोळ्यांसमोर चित्रच उभं राहिलं: बाईने भुईमुगाच्या तेलात वासापुरतं माशाचं तेल ओतलंय.

आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख प्रधानसाहेब म्हणाले, "गुप्तेबाई, नक्की ना? स्टेरॉलची चाचणी केली?"

ही चाचणी म्हणजे प्राण्याच्या चरबीत कोलेस्टेरॉल असतं, वनस्पतीच्या तेलात त्याची चुलतबहीण. दोघांचे स्फटिक वेगवेगळे करून वितळवायचे. वितळण्याच्या तापमानात दोन-तीन अंशांचा फरक. दोन दिवस जातात आणि डोळे फुटतात.

"गरजच नाही साहेब," मी म्हटलं. "एवढं तर शेंबडं पोरही सांगेल." आणि शिक्का मारला. फार सुरेख उमटला. पत्राबरोबर तो कागद बाळकुमला गेला.

पंधरा दिवसांनी दुपारी वॉचमनचा फोन, "मॅडम, एक कोळीण आलीय. टोपली घेऊन. जात नाही म्हणते."

साठीच्या आसपासची बाई. कासोट्याचं हिरवं लुगडं, डोक्यात अबोली. टोपलीवर ओलं गोणपाट, आत फडफड चाललेली. दुसऱ्या हातात विळी. विळी बघून वॉचमन तिच्या चार पावलं मागे चालत होता.

"तूच का ती शिक्कावाली?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "बसा मावशी."

"बसाला नाय आली. तू मना चोर बोललीस. माज्या घरान तेल होता, म्हनून गावान सगल्या बाया माज्यावर बोट दाखवतान. शिमग्याला होलीच्या फेऱ्यान मना हात नाय धरू दिला. चालीस वरसा मी त्या फेऱ्यान नाचली." तिचा आवाज फुटला आणि तिला त्याचाच राग आला. "हे बघ, तल्यातला मासा हाय. आता तुज्यासमोर कापते, तुज्यासमोर तेल काढते. मंग बोल."

मला हसू येत होतं, हे कबूल करते. मनात म्हटलं, आत्ता पकडते हिला. प्रधानसाहेब दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "कापू द्या त्यांना, बाई."

आमच्या पांढऱ्या टाइल्सच्या टेबलावर यमुनाबाईने विळी मांडली आणि तीन कटले असे साफ केले की मला लाज वाटली. घरी मी मासे साफ करते तेव्हा खवले कॅलेंडरवर जातात. पोटातली पिवळी चरबी तिने काचेच्या भांड्यात टाकली, मी पाण्यात उकळली, वर आलेलं तेल काढलं. थेंब यंत्रात सोडला. ती स्टुलावर बसली, हात मांडीत, नजर पेनावर. मी तिला चहा विचारला. नको म्हणाली. बावन्न मिनिटं ती स्टुलावरून उठली नाही.

पेनाने तेच काढलं. मधला तोच भलामोठा डोंगर, शेवटी तीच दोन टेंगळं. दोन्ही पट्ट्या एकावर एक धरून मी खिडकीच्या उजेडात बघितल्या. एकच पट्टी वाटावी इतक्या जुळत होत्या.

मी ताबडतोब यंत्राला दोष दिला. मुशीचं जुनं तेल सोडून बघितलं, तर शेवटचे डोंगर उंचच्या उंच. यंत्र ठणठणीत होतं.

यमुनाबाईने मधल्या डोंगरावर बोट ठेवलं. "ह्यो कनाचा?"

"हे भुईमुगात असतं मावशी. माशात इतकं नसतं."

ती सावकाश म्हणाली, "अगो बाय, आमी तल्यान रोज भुईमुगाची पेंड टाकतो नि भाताचा कोंडा. मासा जा खाईल ताच त्याच्या पोटान निंगल. तू काय समजलीस, पेंड खाऊन तो समिंदर हागेल?"

प्रधानसाहेब खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांचे खांदे हलत होते.

माझ्या कानशिलांना चटका बसला. कारण हे मला माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, एम.एस्सी.ला त्यावर प्रश्न आला होता, 'सजीवांमध्ये बहुअसंतृप्त मेदाम्लं कशी तयार होतात', आणि त्यात मला पैकीच्या पैकी मिळाले होते.

ते उत्तर इथे थोडक्यात देते. मेदाम्ल म्हणजे कार्बनच्या मण्यांची माळ, एका टोकाला डोकं, दुसऱ्याला शेपूट. कुठलाही जीव ती दोन-दोन मणी ओवत सोळा-अठरापर्यंत नेतो. मग तिच्यातले थोडे हायड्रोजन काढून मध्ये एक दुहेरी बंध घालतो. आपण त्याला गाठ म्हणू. जिथे गाठ, तिथे माळेला बाक येतो. वाकड्या माळा एकमेकींना घट्ट चिकटत नाहीत, म्हणून तेल थंडीतही पातळ राहतं. पहिली गाठ आपण माणसंही घालतो. पण तिच्या पुढे, शेपटाच्या बाजूला, दुसरी आणि तिसरी गाठ घालायची कला झाडांकडे आहे, आपल्याकडे नाही. त्यासाठी लागणारं एन्झाइमच आपल्या शरीरात नाही. म्हणून दोन गाठींचं करडई-भुईमुगातून घ्यायचं, तीन गाठींचं जवसातून. ते पोटात गेलं की पुढे आपण माळ थोडी लांबवू शकतो, डोक्याच्या बाजूला आणखी गाठी घालू शकतो, पण रडतखडत.

आणि ज्या पाच गाठींच्या, सहा गाठींच्या माळांसाठी माशाच्या तेलाचं एवढं कौतुक, त्या मासा बहुतेक स्वतः करतच नाही. त्या करतं समुद्रातलं डोळ्यांना न दिसणारं शेवाळ. ते शेवाळ जवळ्यासारखे बारके जीव खातात, त्यांना मासोळी खाते, तिला बांगडा खातो, आणि बांगडा आम्ही. मासा म्हणजे मधला हमाल. त्याच्या डोक्यावर तुम्ही पेंडीचं पोतं दिलंत तर तो पेंडीचंच पोतं उतरवणार. थोड्याफार गाठी गोड्या पाण्यातला मासा घालतो, त्याचीच ती दोन टेंगळं.

हे सगळं मी परीक्षेत चार पानं, आकृत्यांसकट लिहिलेलं. पण माशाला काय खायला घालता, एवढं एक वाक्य विचारायचं मला सुचलं नाही.

मग मी ती दोन दिवसांची स्टेरॉलची चाचणी केली. स्फटिक जिथे कोलेस्टेरॉलचे वितळायला हवेत बरोबर तिथेच वितळले. वनस्पतीच्या तेलाचा मागमूस नव्हता. डब्यातलं तेल निखळ माशाचं होतं.

जाताना यमुनाबाई म्हणाली होती, "तेल नको घेव. तुमच्या गोलीला चालत नसल तर नको. पन गावान येऊन सांग, यमुनी चोर नाय. तू लिवलास, तूच पूस."

"येते मावशी, नक्की येते," मी म्हटलं.

आणि मी पत्र पाठवलं. तेही कंपनीच्या थाटात, टाइप करून, इंग्रजीत. पहिलं वाक्य असं, की आपलं तेल आमच्या निकषांत बसत नसल्याने आम्ही ते घेऊ शकत नाही. भेसळीचा शेरा मागे घेतल्याचं वाक्य तिसऱ्या परिच्छेदात, शेवटून दुसरं. 'हाउएव्हर'ने सुरू होणारं. आता सांगा, नकाराच्या पत्रात तिसऱ्या परिच्छेदापर्यंत कोण जातं?

मला वाटलं, झालं काम. आतून ठाऊक होतं की झालेलं नाही. पण बाळकुमला जाऊन पंधरा-वीस बायकांसमोर उभं राहायचं या विचाराने मी रोज नवं कारण काढायचे. नौपाड्यात मी तेलवाल्या गुप्तेबाई होते ना! मुलांच्या परीक्षा झाल्या की जाऊ. मग सुट्टीत पाहुणे आले. मग लोणचं घालायचं होतं. त्या वर्षी मी तीन प्रकारची लोणची घातली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, कैऱ्या संपल्या की जगातल्या?"

मृग लागायला आठवडा असेल. ठाण्याच्या मासळी बाजारात माझी नेहमीची कोळीण सुंदराबाई, ती बाळकुमचीच. मी उगीच विषय काढला, "तुमच्या गावची ती यमुनाबाई, बरी आहे ना?"

"यमुनी?" सुंदराबाईने सुरमई उलटी केली. "ती कवाच गेली टिटवाल्याला, लेकीकडं. शेरातून दुसरा कागद आला ना, तेल घेत नाय म्हनून. मंग बाया बोलल्या, बघा, दोनदा तपासला, दोनदा चोर निंगली. ऱ्हाईल कशी गावान? घराला कुलूप हाय."

मी सुरमई तिथेच टाकून घरी आले. नवरा म्हणाला, "काय गं, रडतेस का?" मी म्हटलं, "सुरमई नव्हती."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळीच बाळकुमला गेले. सुंदराबाईला घरी गाठलं, तिने मंडळाच्या बायकांना तळ्याच्या पायऱ्यांवर जमवलं. मी पिशवीतून त्या दोन पट्ट्या काढल्या आणि सुरुवात केली, "असं आहे, की मेदाम्ल म्हणजे कार्बनच्या मण्यांची..." पुढच्या पाच मिनिटांत दोघी उठून गेल्या आणि एकीने तिथेच कोळंबी सोलायला घेतली.

शेवटी सगळ्यात म्हातारी होती ती म्हणाली, "बाय, तुजी माल ऱ्हाऊंदे. तेलान दुसरा काय मिसलला होता का नव्हता, तवरा बोल."

"नव्हतं."

"मंग चोर कोन?"

"कोणी नाही. मी चुकले. मी न विचारता लिहिलं."

कोळंबी सोलणारीचा हात थांबला. मग म्हातारी म्हणाली, "ह्या आमाला सांगून काय? आमचा बी तोंड काला झाला. जा, तिला सांग." आणि तिने लेकीचा पत्ता सांगितला.

टिटवाळ्याला पोचेपर्यंत दुपार झाली. स्टेशनपासून लांब, नवीन बिल्डिंगांची एक रांग उभी राहत होती, तिच्या मागे चाळीतली खोली. यमुनाबाई दारात सुकट निवडत बसलेली. मला बघून ती उठली नाही, या म्हणाली नाही. मी उंबऱ्याबाहेरच उभी राहिले.

"मावशी, मी बाळकुमला जाऊन आले. तुमची काही चूक नाही असं सांगितलं. मी चुकले असं सांगितलं."

"कुनाला सांगितलास?"

"मंडळाच्या सगळ्या बायकांना. तळ्यावर."

"सगल्यांच्या म्होरं?"

"हो."

"कवा?"

"आज सकाळी."

तिने सूप खाली ठेवलं. आत गेली. मला वाटलं, आता दार लावणार. आतून भांड्यांचा आवाज आला, लेकीशी काहीतरी बोलणं झालं, आणि पाच मिनिटांनी ती बाहेर आली ती हातात कापडी पिशवी घेऊन, केसांत फुलं माळून, कमरेला चाव्या खोचून.

"चल," ती म्हणाली. "मी तुज्यासंगती येते. उजेड हाय तवर घर उघडते. दोन महिने झाडला नाय."

दोन पावलं चालून ती थांबली. "त्या दिशी तुज्या यंत्राला किती टाइम लागलेला?"

"बावन्न मिनिटं."

"आनी तुला?"

मी हिशेब केला. शिमग्यापासून मृगापर्यंत. "तीन महिने, मावशी."

"मंग यंत्रच बरा तुज्यापरीस," यमुनाबाई म्हणाली आणि पिशवी माझ्या हातात दिली. चांगली जड होती. मी ती बाळकुमपर्यंत उचलून नेली.